काटा आणि मीटर : घरच्या विजेचा हिशेब



या पत्रकात मी एरवी लागवडीचा हंगाम, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त अशा विषयांवर लिहीत असतो. या खेपेस विषय थोडा निराळा घेतला आहे, तो म्हणजे घरच्या लाईटचा मीटर. याला कारण असे की, अलीकडे गटसभेला कुठेही गेलो तरी उसाचे बोलणे संपले की कोणी ना कोणी खिशातून लाईटचे बिल काढतो. शेतीपंपाचे बिल हा पूर्वीचा मोठा घोर. २०२४ च्या एप्रिलपासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्य शासनाने मोफत वीज योजना लागू केल्यावर तो घोर बराच हलका झाला. आता बोलणे असते ते घरच्या बिलाचे.

प्रश्न बहुधा दोनच असतात. पहिला : "साहेब, मुंबईत म्हणे वीज कंपनी बदलून मिळते. मग आपल्याला का नाही?" दुसरा : "हा नवा स्मार्ट मीटर बसवून घ्यावा, का दारातूनच परत पाठवावा?"

मी शेतकी पदविकावाला माणूस, विजेतला तज्ज्ञ नव्हे. परंतु गेल्या दिवाळीत डहाणू तालुक्यात घोलवडला माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. तिथे आणि शेजारच्या तलासरी तालुक्यात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच फेरीत पाहायला मिळाली. तिथे ऊस नाही, चिकूच्या वाड्या आहेत. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पण विजेचे म्हणाल तर त्यांचे आपले एकच गाऱ्हाणे. म्हणून तिकडे पाहिले-ऐकले ते आणि नंतर माहिती घेऊन ताडून पाहिले ते, असे दोन्ही आपल्यापुढे ठेवतो.

वीज डहाणूची, निवड मुंबईकराची

डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच, १९९५-९६ साली सुरू झालेले. मुंबईच्या उपनगरांना वीज देणाऱ्या बी.एस.ई.एस. कंपनीने ते उभारले. पुढे ती कंपनी रिलायन्सकडे गेली आणि २०१८ साली मुंबईचा तो सगळा वीजधंदा अदानी समूहाने घेतला. या केंद्राची वीज उच्चदाबाच्या तारांवरून थेट मुंबईच्या उपनगरात जाते. कोळशाची राख आणि धूर यांपायी चिकूचे काय होईल, म्हणून डहाणूकरांनी सुप्रीम कोर्टापर्यंत लढा दिला. १९९६ साली कोर्टाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी पुष्कळ वर्षे त्याचे काम पाहिले. तो विषय स्वतंत्र आहे. इथे सांगायचे ते इतकेच की, चिमणी डहाणूत, धूर डहाणूत, पण त्या विजेचा ग्राहक अंधेरी-बोरिवलीत. आणि त्या ग्राहकाला आपला पुरवठादार बदलायची मुभा आहे. चिमणीच्या पायथ्याशी राहणाऱ्या डहाणूकराला ती नाही. त्याला आपल्यासारखीच महावितरणची वीज.

दाजी मला म्हणाले, "दारात गुऱ्हाळ आणि चहाला साखर वाण्याकडून, तशातली गत आहे ही."

असे का, ते समजून घेऊ. ऊसवाल्याला हे समजायला अवघड नाही. पूर्वी झोनबंदी होती तेव्हा आपला ऊस ठरलेल्या कारखान्यालाच घालावा लागे. विजेचेही तसेच आहे. वीज आयोग ज्याला ज्या भागाचा परवाना देतो, त्यानेच त्या भागात घरोघर वीज द्यायची. २००५ साली जूनच्या ६ तारखेला जुन्या वीज मंडळाचे भाग पडले आणि घरोघर वीज देण्याचे काम महावितरणकडे आले. मुंबई सोडली तर बहुतेक महाराष्ट्रात परवाना तिचाच.

मुंबईत बदल होतो तो कसा

मुंबईच्या उपनगरात मात्र दोन परवानेदार एकाच भागात आहेत, टाटा आणि आता अदानी. टाटा कंपनीला किरकोळ ग्राहकांना वीज विकता येते की नाही, याचा वाद बरीच वर्षे चालला. ८ जुलै २००८ रोजी सुप्रीम कोर्टाने टाटाच्या बाजूने निकाल दिला. मग ऑक्टोबर २००९ मध्ये वीज आयोगाने बदलाची रीत घालून दिली. त्या वेळी टाटाचे दर कमी होते, त्यामुळे लाखो ग्राहक तिकडे गेले.

आता गंमत अशी की, त्यांतल्या बहुतेकांच्या दारची तार बदललीच नाही. तार पहिल्याच कंपनीची राहिली, वीज फक्त दुसऱ्याच्या नावे. उसाच्या भाषेत सांगायचे तर ऊस दुसऱ्या कारखान्याचा, पण बैलगाडी आणि रस्ता पहिल्याचा. मग रस्त्याचे भाडे पहिल्याला द्यावे लागणारच. बिलात 'वहन आकार' म्हणून जी ओळ असते ती ह्या रस्त्याची.

पुढे दुसरी अडचण आली. जास्त वीज वापरणारे, चांगले पैसे भरणारे ग्राहक आधी निघून गेले. मागे राहिले ते कमी वापराचे. मोठ्यांच्या दरातून लहानांना जी सवलत दिली जाते तिचा भार मग कोणी उचलायचा? म्हणून २०११ साली आयोगाने जाणाऱ्या ग्राहकांवर अधिभार बसवला. काहींचा बदलातला फायदा त्यातच जिरला. दोन्ही कंपन्यांचे दर आयोग ठरवतो, ते दर काही वर्षांनी खालीवर होतात. आज जी स्वस्त ती उद्या स्वस्त असेलच असे नाही.

बदल म्हणजे नुसता लाभ असेही नव्हे. आपल्या एका सभासदाची मुलगी इंग्लंडात असते. तिकडे घरचा वीज-गॅस पुरवठादार बदलणे दुकान बदलण्याइतके सोपे. पण २०२१-२२ साली गॅसचे भाव भडकले आणि २५ हून अधिक पुरवठादार कंपन्या बुडाल्या. बल्ब नावाची एक तर १५ लाखांहून अधिक ग्राहकांची होती. लोकांचे दिवे विझले नाहीत, कारण सरकारी नियंत्रकाने ग्राहक दुसऱ्या कंपन्यांकडे लावून दिले. परंतु त्या बुडीताचा खर्च शेवटी सगळ्यांच्याच बिलावर पसरला. शिवाय तिथे पहिल्या फळीचे जे स्मार्ट मीटर बसले होते, त्यांतले पुष्कळ कंपनी बदलताच मुके झाले. आकडा आपोआप जाईना, पुन्हा हाताने लिहून कळवावा लागे. म्हणजे पुरवठादार आणि मीटर हे दोन विषय वेगळे वाटले तरी एकमेकांत गुंतलेले आहेत.

तलासरीच्या सीमेवर

तलासरी तालुक्याची गोष्ट आणखी मासलेवाईक. अच्छाडच्या पुढे हमरस्त्याने गुजरात लागते, तिथे वीज दक्षिण गुजरात वीज कंपनीची. उधव्याकडून पुढे दादरा-नगरहवेली लागते, तिथे १ एप्रिल २०२२ पासून वीजवाटप टोरेंट कंपनीच्या ५१ टक्के मालकीच्या कंपनीकडे गेले आहे. आणि अलीकडे महावितरण. एका तालुक्याच्या अवतीभवती तीन पुरवठादार. सोयरीक तिन्हीकडे, बाजारहाट तिन्हीकडे. त्यामुळे बिले शेजारी शेजारी ठेवून पाहणे चालते आणि "त्यांचे कमी, आमचे जास्त" हे बोलणे घरोघर.

पण सीमेच्या दगडापलीकडची वीज अलीकडे घेता येत नाही. परवान्याची हद्द ती हद्द. मोठ्या कारखानदाराला, म्हणजे १ मेगावॅट आणि त्यावरील मागणीच्या ग्राहकाला, २००३ च्या वीज कायद्याने दुसरीकडून वीज आणायची वाट मोकळी आहे. हरित विजेसाठी ही मर्यादा २०२२ साली १०० किलोवॅटवर आणली. घरगुती ग्राहक त्यात बसत नाही.

हे पुढे बदलेल का? एकाच तारेवर अनेक पुरवठादार आणावेत असे विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण २०२४ साली लोकसभेची मुदत संपली तेव्हा तेही संपले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने नवा मसुदा पुढे आणला. भांडुप, ठाणे, नवी मुंबई भागात अदानीने समांतर परवाना मागितला, त्याविरुद्ध ४ जानेवारी २०२३ रोजी वीज कर्मचाऱ्यांनी संप पुकारला होता, तो आपणांस आठवत असेल. तात्पर्य, आज तरी डहाणू-तलासरीच्या आणि आपल्याही घरगुती ग्राहकाला पुरवठादार बदलता येत नाही. कोणी एजंट दारात येऊन "कंपनी बदलून देतो, स्वस्त वीज देतो" म्हणाला आणि आगाऊ पैसे मागू लागला, तर त्याला एक रुपयाही देऊ नये.

पुरवठादार बदलणे हाती नाही. मग हाती आहे काय? मीटर. म्हणजेच काटा.

नवा मीटर म्हणजे काय

काट्याचे महत्त्व ऊस घालणाऱ्याला सांगायला नको. भाव कितीही चांगला असो, वजनात मार खाल्ला तर भावाला काय चाटायचे? म्हणून आपण काट्यावर उभे राहतो, भरलेले वाहन, रिकामे वाहन, पावती, सगळे पाहतो. विजेचा मीटर हाही काटाच. पण आपल्यातले किती जण महिन्यातून एकदा त्याच्याकडे मान वर करून बघतात?

जुना चकतीचा मीटर विजेच्या ओघाबरोबर फिरायचा. नंतर आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक मीटर आला. स्मार्ट मीटर म्हणजे त्याचाच पुढचा अवतार, त्यात मोबाईलसारखा संपर्काचा भाग बसवलेला असतो. तो ठरावीक वेळाने आकडा कंपनीच्या संगणकाला कळवतो. वीज कोणत्या वेळी किती वापरली हे तो लिहून ठेवतो. कंपनीला दूरवरूनच जोडणी तोडता व जोडता येते. रेंज गेली तरी नोंद त्याच्या पोटात राहते आणि रेंज आली की पुढे जाते.

यातला फायदा उघड आहे. आकडा घ्यायला माणूस आला नाही, दार बंद होते, म्हणून अंदाजाने बिल, हा प्रकार कमी होतो. दुसरे, वेळेप्रमाणे दर लावता येतात. २०२५ साली आयोगाच्या आदेशाने असा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैसे सूट १ जुलैपासून लागू झाली. अशा आदेशांत फेरफार होत असतात. म्हणून आपल्या ताज्या बिलात ती ओळ आहे का, ते प्रत्येकाने स्वतः पाहावे. आणि हेही पाहावे की दिवसभर माणसे रानात असतील व सारा वापर रात्री असेल, तर त्या सुटीचा उपयोग किती? घरची मोटार, घरघंटी, इस्त्री ही कामे दुपारी उरकली तरच चार पैसे वाचतील.

हा आला कुठून

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने वीज वितरण सुधारण्याची मोठी योजना मंजूर केली. देशभर सुमारे २५ कोटी स्मार्ट मीटर बसवावेत असा तिचा बेत. शेतीपंपाचे ग्राहक त्यातून वगळले आहेत. आपल्याकडे २०२३ साली महावितरणने परिमंडळवार ठेके दिले. डहाणू-तलासरी ज्यात येतात त्या कल्याण परिमंडळासह भांडुप, कोकण, बारामती व पुणे या भागांचे ठेके अदानी समूहाला मिळाले. सुमारे १ कोटी १६ लाख मीटर, १३ हजार ८८८ कोटी रुपये. भागाकार करून पाहा, मीटरामागे सुमारे १२ हजार रुपये, यात जोडणी आणि पुढील काही वर्षांची देखभाल धरली आहे. केंद्राचे अनुदान आपल्यासारख्या राज्याला मीटरामागे जास्तीत जास्त ९०० रुपये. ग्राहकाकडून मीटरची किंमत घेतली जात नाही हे खरे. परंतु उरलेला खर्च आज ना उद्या दरातूनच वसूल होणार, हा मुद्दा इचलकरंजीचे प्रताप होगाडे यांच्यासारखे वीज ग्राहकांचे कार्यकर्ते मांडत आले आहेत, आणि तो विचार करण्याजोगा आहे.

मूळ बेत प्रीपेडचा होता, म्हणजे आधी पैसे भरायचे मग वीज जाळायची. त्याला ठिकठिकाणी विरोध झाला. शेजारच्या गुजरातेत मे २०२४ मध्ये वडोदऱ्याला लोक रस्त्यावर आले, तेव्हा तिथल्या सरकारला नव्या मीटरशेजारी तपासणीसाठी जुना मीटर ठेवण्याची व्यवस्था जाहीर करावी लागली. आपल्याकडे जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे सांगितले. त्यानंतर 'टीओडी मीटर' या नावाने हेच नव्या धर्तीचे मीटर बसू लागले, पण बिल पूर्वीसारखे महिना भरल्यावर येईल असे महावितरणने जाहीर केले.

प्रीपेडचा प्रश्न कोणाला बोचतो

काही जण म्हणतील, प्रीपेडमध्ये वाईट काय? मोबाईलचे आपण तसेच भरतो. शिवाय कायद्याने प्रीपेड मीटर घेणाऱ्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. गोष्ट खरी आहे, आणि ज्याच्या घरी महिन्याला ठरलेला पगार येतो त्याला ते सोयीचेही पडेल.

पण दाजींच्या वाडीत कामाला येणारे एक कुटुंब आहे, तलासरीकडच्या पाड्यावरचे. घरात दोन दिवे, एक पंखा. दिवाळी झाली की चूल-भांडी बांधून सगळे वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडाला परततात. घराला कुलूप, वापर शून्य. तरीही मीटरचा स्थिर आकार चालूच असतो, मग बिल मागाहून येवो की आधी. फरक कुठे पडतो? मागाहून येणाऱ्या बिलात थकबाकी साचली तरी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तेवढ्यात माणूस कुठून तरी पैसे उभे करतो. प्रीपेडमध्ये शिल्लक स्थिर आकारातच झिजत झिजत शून्याखाली गेलेली असते. चार-पाच महिन्यांनी लेकरांसह घरी आले तर घरात अंधार, आणि पहिला भरणा मागची तूट भरण्यातच जायचा.

आता आपल्याकडे पाहा. ऊसवाल्याला पैसा महिन्याला येतो काय? कायद्याप्रमाणे ऊस गेल्यावर १४ दिवसांत पहिली उचल मिळायला हवी. कधी मिळते, कधी लांबते, ते आपण जाणतो. आणि मिळाली तरी सोसायटीची वसुली होऊन हाती उरते ते वर्षभर पुरवायचे. अशा घराला उधारीची महिनाभराची मुदत ही चैन नव्हे, गरज आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे : स्मार्ट मीटरला नुसत्या नावाने भिऊ नका, पण प्रीपेडला 'होय' म्हणण्याआधी दहादा विचार करा. मीटर आणि पैसे भरण्याची रीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणी कागदावर सही मागितली तर त्यात काय लिहिले आहे ते आधी वाचून घ्या.

आक्काच्या बिलाची गोष्ट

आता मूळ शंका, नवा मीटर जास्त पळतो काय? याचे उत्तर मला आक्काच्याच घरी मिळाले.

मी पोचलो त्या संध्याकाळीच तिने बिल पुढे टाकले. "बघ रे बाबा. नवा मीटर बसवला आणि महिन्याला शंभरावर युनिट वाढले. माणसं तीच, दिवे तेच." घरात सगळ्यांचे ठरून गेले होते की मीटर खोटा.

मी म्हटले, "आक्का, कारखान्याचा काटा खोटा म्हणायच्या आधी आपण दुसऱ्या काट्यावर वजन करतो की नाही? तसंच करू."

प्रत्येक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकणार हे मीटरवरच छापलेले असते. त्यांच्या मीटरवर ३२०० होते. आम्ही मेन स्विच बंद केला, दिव्याची लुकलुक थांबली. म्हणजे मीटर आपलाआप पळत नव्हता. मग मेन चालू ठेवून घरातले सगळे दिवे, पंखे, फ्रिज बंद केले. लुकलुक थांबायला हवी होती. थांबली नाही. दर सात-आठ सेकंदाला एक, अशी चालूच राहिली. म्हणजे मिनिटाला ८, तासाला ४८०. ३२०० ला एक युनिट धरले तर दिवसाला साडेतीन युनिटांहून जास्त, महिन्याला सुमारे १०८. वाढलेले युनिट सापडले!

मग पाण्याचा १००० वॅटचा रॉड बादलीत ठेवून एकटाच चालू केला. या मीटरला मिनिटाला सुमारे ५३ लुकलुक व्हायला पाहिजेत. आधीच्या ८ वजा केल्या तर ५० च्या आसपास आल्या. व्होल्टेज थोडे कमी असले की इतका फरक पडतो. मीटर खरा होता.

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावले. वाडीतल्या विहिरीकडे गेलेली जुनी केबल एका जागी सोलून ओल्या मातीला टेकली होती. पावसाळ्यापासून वीज जमिनीत जिरत होती, आणि मीटर बदलला तोही नेमका त्याच सुमारास. त्या वाटेने आक्काची नातवंडे अनवाणी पळत असतात. केबल तुटक केल्यावर लुकलुक थांबली. दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बिलाचं जाऊ दे. या मीटरनं पोरं वाचवली म्हणायची."

ही गोष्ट मीटरची वकिली करायला सांगितलेली नाही. इथे मीटर खरा निघाला, दुसऱ्या घरी खोटा निघू शकेल. सांगायचे ते असे की, तपासल्याशिवाय कळत नाही. नव्या मीटरात आकडा वाढण्याची आणखी दोन साधी कारणे असतात. एक, झिजलेला जुना मीटर मोबाईल चार्जर, टीव्हीचा लाल दिवा असा बारीक भार धरत नसे, नवा धरतो. दुसरे, नवा मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांतली वीज मोजतो. घरात न्यूट्रलऐवजी अर्थिंग वापरून जोडणी केलेली असेल, किंवा शेजारच्या घराचा न्यूट्रल आपल्या तारेत अडकला असेल, तर जुन्यात लपलेले नव्यात दिसते.

सभासदांनी एवढे करावे

१. महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला मीटरचा आकडा वहीत लिहावा. नवा मीटर बसताना जुन्याचा शेवटचा आणि नव्याचा पहिला आकडा लिहून त्याचा फोटो काढावा, दोन्ही मीटरांचे नंबर टिपावेत. काट्याची पावती आपण जपतो तशी ही जपावी.

२. बिलात आधीचा व चालू आकडा, बिलाचे दिवस आणि युनिट पाहावेत. त्याखाली स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि घरगुती वापरावर १६ टक्के विद्युत शुल्क अशा ओळी असतात. दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिला टप्पा १०० युनिटांचा, दुसरा ३०० पर्यंतचा. टप्पा ओलांडला की पुढचे युनिट महाग, हे ध्यानात ठेवावे.

३. वर सांगितलेली लुकलुक मोजण्याची तपासणी करावी. मीटरचे सील, झाकण, तारा यांना हात लावू नये. तो गुन्हा आहे, आणि जिवाला धोकाही.

४. तरीही शंका राहिली तर लेखी तक्रार करून पोच घ्यावी. केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ च्या नियमाप्रमाणे आकड्याबद्दल तक्रार केल्यावर पाच दिवसांत जोडीला तपासणी मीटर बसवायचा आणि तो निदान तीन महिने ठेवायचा असतो. हा आपला दुसरा काटा.

५. बिलाचा वाद चालू असताना वीज तुटू नये म्हणून, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरता येते. ही तरतूद वीज कायद्याच्या कलम ५६ मध्ये आहे. कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यावर विद्युत लोकपाल, अशा पायऱ्या आहेत.

६. ज्यांच्या घरावर धाबे किंवा मजबूत पत्रा आहे आणि महिन्याला बऱ्यापैकी बिल येते, त्यांनी छतावरील सौर संचाचा हिशेब जरूर मांडावा. २०२४ च्या केंद्रीय योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट व त्यावर ७८ हजार रुपये अनुदान ठरले आहे. पुरवठादार बदलता येत नसला तरी थोडाफार पुरवठादार आपणच होण्याची ही एक वाट आहे. मात्र ज्याचे बिल मुळातच लहान, त्याने कर्ज काढून यात पडू नये.

शेवटी

सहकारात आपण एक गोष्ट शिकलो. कारखाना आपला असला तरी काट्यावर नजर ठेवावी लागते, आणि नजर ठेवणारा सभासद असला की काटाही सरळ राहतो. वीज कंपनी आपली निवड नाही, तिचे दरही आपण ठरवत नाही. निदान मापावर तरी आपली नजर हवी. पुढच्या गटसभेला येताना प्रत्येकाने शेवटच्या तीन महिन्यांची बिले आणि वहीत लिहिलेला आकडा घेऊन यावे. उसाचे बोलणे झाल्यावर आपण ती एकत्र बसून पाहू. आणि येण्याआधी घरातले सगळे बटण बंद करून त्या लाल दिव्याकडे दोन मिनिटे बघाच. लुकलुक चालू राहिली तर सभेची वाट न बघता त्याच दिवशी वायरमनला बोलवा.

आपला,
ऊस विकास अधिकारी